वीस डोकी, त्रेसष्ट पाय

डोकी आणि पायांचं ते गणित आपण सगळ्यांनी कधी ना कधी सोडवलेलं असतं. एका ठिकाणी काही जनावरं आहेत आणि काही पक्षी, डोकी इतकी, पाय तितके, तर जनावरं किती आणि पक्षी किती. दोन अज्ञात संख्यांची समीकरणं शिकवायला याच्याइतकं सोयीचं गणित नाही आणि याच्याइतकं बिनडोकही नाही. ज्याला पाय मोजता आले, त्याला जनावरं मोजायला काय धाड भरली होती, असं मला विद्यार्थी असताना वाटायचं आणि शिक्षक झाल्यावरही वाटत राहिलं.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत बीजगणित आणि विज्ञान शिकवायचो. राहायला अमरावतीत. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात, आणि नोकरी करणारं अर्धं वऱ्हाड अपडाऊनवरच जगतं. बीजगणिताचा तास दुसरा असायचा, विज्ञानाचा पाचवा. वर्ग तोच, मास्तर तोच, फळाही तोच, पण मधल्या सुट्टीत काय व्हायचं कुणास ठाऊक. दुसऱ्या तासाला ज्यानं शेकडेवारीची गणितं फटाफट सोडवली, त्यालाच पाचव्या तासाला रक्तात पाणी शेकडा किती ते काढ म्हटलं, की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याला दुसऱ्याच्या ताटातलं खायला सांगतोय. 'सर, हे तं विज्ञानाची वही आहे,' असं उत्तर मिळायचं. मी चिडायचो. माझं चिडणं शाळेत प्रसिद्ध होतं. खडू फेकण्यात सरांचा नेम चुकत नाही असं पोरं म्हणायची. ते खरं नाही, पुष्कळदा चुकायचा.

शेवटी मी ठरवलं की दोन्ही विषय एकदमच शिकवायचे, आणि तेही वर्गाबाहेर. अमरावतीत तेव्हा गावाच्या कडेला एक लहानसं प्राणिसंग्रहालय होतं. वाघ-सिंह नव्हते. चितळं होती, मोर होते, एक रोही, एक आळशी मगर, थोडी कासवं, ससे, आणि एक तरस, जो दिवसभर पाठ करून झोपायचा. मुख्याध्यापकांना कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. बीजगणितासाठी सहल असं अर्जात लिहू नका म्हणाले, वरून विचारणा येते. 'क्षेत्रभेट' लिहा. मी क्षेत्रभेट लिहिलं आणि नववीचा वर्ग एसटीत घालून अमरावतीला आणला.

पहिल्याच पिंजऱ्यापाशी माझी फजिती झाली. रोही म्हणजे नीलगाय, आणि आमची पोरं शेतातली. हरभऱ्यात घुसलेल्या रोह्यांना हाकलण्यात त्यांच्या घरच्यांची अर्धी हयात गेलेली. तो पिंजऱ्यात बघून ती हसून हसून बेजार झाली. 'याले काहून कोंडलं, सर? आमच्या वावरात तं फुकट फिरते,' असं एकानं विचारलं. पण सशांपाशी मात्र गाडी रुळावर आली. तिथं मी वर्ग आणि घन शिकवला. जनावर मोठं झालं की अंगाची कातडी वर्गाच्या हिशेबानं वाढते आणि आतला ऐवज घनाच्या हिशेबानं. म्हणून लहान जिवाची ऊब लवकर उडून जाते आणि त्याला सारखं काहीतरी खावं लागतं, आणि रोही मात्र निवांत रवंथ करत बसतो. तेवढ्यात मागून एकीनं विचारलं की तान्हं बाळ थंडीत लवकर गारठतं ते यामुळेच का. मला आनंद आवरेना. शिस्तीला धरून मी नुसतं 'बरोबर' म्हटलं.

परत येताना एसटीत मला वाटलं की आपल्याला शिकवायची किल्ली सापडली. ते वाटणं चुकीचं होतं, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशा धरायला नको.

दुसऱ्या भेटीत मी ते डोकी-पायांचं गणितच जिवंत करायला घेतलं. चितळं आणि मोर एकाच मोठ्या जाळीत होते. मी वर्गाचे गट पाडले. अर्ध्यांनी डोकी मोजायची, अर्ध्यांनी पाय, मग समीकरणं मांडून सोडवायची, आणि शेवटी जाळीत बघून ताळा करायचा. चितळं काही फोटोसाठी उभी नव्हती, ती इकडची तिकडे व्हायची आणि पोरं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. चारा टाकल्यावर ती एका जागी आली. डोकी वीस भरली. पाय भरले त्रेसष्ट.

आता एकाला चार आणि एकाला दोन अशा हिशेबात पाय विषम येऊच शकत नाहीत. गटागटांत कुजबुज सुरू झाली. पुन्हा मोजलं, पुन्हा त्रेसष्ट. मी लांबून बघत होतो आणि मला कारण दिसलं होतं. एका म्हाताऱ्या चितळ मादीचा मागचा एक पाय गुडघ्याखाली नव्हताच. मी मुद्दाम गप्प राहिलो. मास्तराच्या आयुष्यात असा क्षण आयता हातात येत नाही. आता कुणीतरी मान वर करून नीट बघेल, असं मनाशी म्हणत होतो.

एकेक गट वही घेऊन आला. सगळ्यांच्या वहीत पाय चौसष्ट होते. चितळं बारा, मोर आठ. ताळाही बरोबर जुळत होता, कारण जाळीत खरोखरच बारा चितळं आणि आठ मोर होते. मी विचारलं की मघाशी तर त्रेसष्ट मोजले होते ना. गटाचा म्होरक्या मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, 'होते, सर. पण गनित सुटत नव्हतं.'

उत्तर जुळवून आणणं ही आमची फार जुनी विद्या आहे. प्रयोगशाळेत लंबक एकदाही न हलवता आम्ही त्याच्या आंदोलनांचा तक्ता भरतो, आधी उत्तर बघतो आणि मग निरीक्षणं लिहितो. मीही तसाच शिकलो, माझे गुरुजीही तसेच शिकले. त्या पोरांनी लबाडी केली असं मला वाटलं नाही. त्यांनी आम्ही शिकवलं तेच केलं, आणि ज्यांनी पाय जुळवले त्यांचंच उत्तर बरोबर आलं. याचाच मला जास्त राग आला.

सगळ्यांत शेवटी एक मुलगी आली. अंगानं बारीक, वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी, फारशी न बोलणारी. वडील वीज कंपनीत लाइनमन, आई अंगणवाडीत. तिनं चार पायांच्यांसाठी एक अक्षर घेतलं होतं, दोन पायांच्यांसाठी दुसरं, आणि खाली तिसरं अक्षर होतं, झेड. एक चितळ तीन पायांचं आहे, त्याला कुठं घालू ते कळलं नाही म्हणून वेगळं घेतलं, असं तिनं सांगितलं. मी मुद्दाम अडवलं. दोन समीकरणं आणि तीन अज्ञात, हे तर सुटत नाही, आता काय करशील?

ती जराही गोंधळली नाही. 'सोडवाचं काय, सर? झेड तं दिसूनच राहिला. एक आहे.'

मी तोंड फिरवून मगरीकडे बघत उभा राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पोरांना दिसलं असतं तर माझ्या खडूची काय किंमत राहिली असती. त्यानंतर तिनंच मला दाखवलं की त्या मादीचा उरलेला मागचा पाय बाकीच्यांपेक्षा जाड झाला आहे. मग गाडी सुटायची वेळ होईपर्यंत आम्ही जाळीला टेकून, चार पायांचं वजन तीन पायांवर आलं तर कुणाच्या वाट्याला किती जातं, ते मांडत बसलो. त्यातलं काय बीजगणित आणि काय जीवशास्त्र, हे मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी वह्या चाळल्या आणि काळजीनं विचारलं की बाकी सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं, हिचंच कसं अर्धवट राहिलं.

पुढच्या वर्षी ते प्राणिसंग्रहालय बंद झालं. नियमात जागा बसत नव्हती म्हणे. जनावरं दुसरीकडे नेली, जाळ्या तशाच राहिल्या. मी हट्टानं पोरांना आठवडी बाजारात नेलं, बकऱ्या आणि कोंबड्या मोजायला. बकरीवाल्यानं घ्यायची आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग मास्तर, जरा सरका, गिऱ्हाइकाला उभं राहू द्या. पोरं आठवडाभर माझी नक्कल करत होती. मग साथीत शाळाच बंद झाल्या, सगळं मोबाइलवर गेलं, आणि उघडल्या तेव्हा माझ्यातही तो हट्ट उरला नव्हता.

त्या मुलीला दहावीला चांगले गुण पडले. मी पेढे खायला तिच्या घरी गेलो आणि अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतं, दोन्ही घ्या, असं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं. भला माणूस होता, माझ्यासमोर खुर्चीवर बसायलाही संकोचायचा. पण त्यांचं ठरलेलं होतं. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी डॉक्टर नाही, आणि ही होऊ शकते. अकोल्याच्या शिकवणी वर्गात चौकशी झाली होती. तिथल्या माणसानं सांगितलं होतं की गणित ठेवलं तर जीवशास्त्राचे गुण कमी होतात. अकरावीचं नाव गावाजवळच्या कॉलेजात राहील आणि मुलगी अकोल्यात. मी मुलीकडे वळलो आणि विचारलं की तुला तर गणित आवडतं ना.

'आवडते, सर,' ती म्हणाली. 'पन तिकडे त्याचे मार्क धरत नाई.'

तिनं पहिल्यांदा डॉक्टरीची प्रवेश परीक्षा दिली तेव्हा थोडक्यात हुकली. थोडक्यात हुकलेल्यांचाच सगळ्यांत जास्त जीव जातो, कारण त्यांना नाद सोडवतही नाही. दुसऱ्यांदा गुण वाढले, पण कट-ऑफ तिच्यापेक्षा जास्त वाढला. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. सगळी पोरं आपापली जागा धरून पळत होती आणि जमीनच पुढे सरकत होती.

इकडे माझ्या शाळेतही मोजामोजी चालली होती. गावात पोरंच कमी झाली. आम्ही मास्तर मे महिन्याच्या उन्हात दारोदार फिरून, तुमचा मुलगा आमच्या शाळेत घाला म्हणून हात जोडायचो, आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आमच्या देखत पोरं भरून न्यायची. पट घटला, एक तुकडी गेली, आणि तुकडीबरोबर मी. शिक्षकाला नोकरीवरून काढत नाहीत, 'अतिरिक्त' म्हणतात. मला मोर्शीकडच्या एका शाळेत पाठवायचं ठरलं. तिथं बीजगणिताला माणूस होता. मला सहावी-सातवी मिळणार होती, आणि उरलेल्या तासांना कार्यानुभव, म्हणजे कागदाची फुलं.

तिसरा निकाल लागला त्या आठवड्यात तिच्या वडिलांचा फोन आला. पोरगी जेवत नाही, बोलत नाही, आता परीक्षा देणार नाही म्हणते. मी अकोल्याला जाऊन तिला समजवावं, अजून एक वर्ष बस म्हणून सांगावं, अशी विनंती होती. मी जातो म्हणालो. पण मनात वेगळंच होतं. अमरावतीच्या एका कॉलेजात माझा जुना मित्र प्रवेशाचं बघतो. त्याला विचारून ठेवलं होतं. बारावीला गणित नाही म्हणून बी.एस्सी.ला गणित घेता येणार नाही, ते दार बंदच झालं होतं. प्राणिशास्त्र मात्र मिळेल, शनिवारपर्यंत आलात तर. मी स्वतःला समजावलं की गणित गेलं तर गेलं, निदान पोरगी तरी हाताला लागेल. तिला वसतिगृहाच्या खोलीतून उठवून अमरावतीला आणायचं, एवढंच ठरवून मी अकोल्याच्या गाडीत बसलो.

मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना वर सोडत नाहीत. मी खालच्या बसायच्या खोलीत वाट बघत बसलो. भिंतीवर निवड झालेल्या मुलींचे हार घातलेले फोटो होते. हयात माणसांच्या फोटोला हार घालायची ही पद्धत मला कधीच बघवली नाही. ती आली तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. डोळ्यांखाली काळं, जाड चष्मा, आणि हातात रिकामी पाण्याची बाटली, जी ती बोलताना सारखी फिरवत होती. तिनं वाकून नमस्कार केला.

इकडचं तिकडचं बोलताना मला खिडकीतल्या कूलरच्या मागे कबुतराचं घरटं दिसलं. दोन पिल्लं होती, पिसं नुकती फुटू लागलेली. पिल्लं कधीची गं, असं मी सहज विचारलं. तिनं वळून बघितलं आणि जरा वेळ बघत राहिली.

'इथं कबुतर आहे का?' ती म्हणाली. 'मले वाटलं कूलर आवाज करून राहिला.'

मग, मी काही परीक्षा घेत असल्यासारखं, तिनं कबुतराचं शास्त्रीय नाव सांगितलं, वर्ग सांगितला, हाडं पोकळ असतात, हृदयाला चार कप्पे असतात, हेही सांगितलं. सगळं अचूक. मला इतकं वाईट वाटलं की मी चहा मागवला.

चहा पिताना मी माझं म्हणणं मांडलं. परीक्षा सोड म्हणालो. अमरावतीत जागा आहे, शनिवारपर्यंत मुदत आहे, तुझ्या वडिलांशी मी बोलतो, त्यांचं बोलणं मी ऐकून घेईन. प्राण्यांचं शिक, प्रत्यक्ष बघून शिक, तुझ्याइतकं चांगलं बघणारं पोरगं मी दुसरं पाहिलं नाही. मी पुष्कळ बोललो, बरं बोललो. ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

'बी.एस्सी. करून काय होते, सर? तुमी केली ना.'

शिक्षक होता येतं, असं मी म्हणालो. माझ्या बदलीचं तिला घरून कळलेलं होतं. तिनं नजर बाटलीवर ठेवून माझा मान राखला. ती हसली असती तर बरं झालं असतं.

'सर,' थोड्या वेळानं ती म्हणाली, 'मले आता चार पर्याय देले तं उत्तर येते. नुसतं विचारलं तं काईच सुचत नाई. तुमीच सांगा. येऊ मी अमरावतीले? तुमी हो म्हना, मी बॅग भरतो.'

हेच ऐकायला मी आलो होतो. हो म्हणायचं होतं. पण हो म्हणायच्या आधी पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. तीन वर्षं पदवी, दोन वर्षं एम.एस्सी., मग बी.एड., मग पात्रता परीक्षा, मग मुलाखतीला रांग, मग एखाद्या शाळेत तासिकेवर काम, मग तीही तुकडी बंद. दुसरी कुठली वाट मला दाखवता येत होती? मला एकच वाट माहीत होती, आणि तिच्या टोकाला मी कागदाची फुलं करत बसलेलो होतो. तिनं माझ्यावर टाकलेला भार घ्यायची माझ्यात ताकद नव्हती. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो की बघ, तुझे बाबा म्हणतात तेही चूक नाही, इतकी जवळ आली आहेस, एक वर्ष अजून बघ.

तिनं मान हलवली. 'बरं,' म्हणाली. दारापर्यंत सोडायला आली, पुन्हा वाकून नमस्कार केला, आणि बाटली भरून घ्यायला आत गेली.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडत होतं तेव्हा फोन वाजला. तिचे वडील होते. आवाजावरून ते सकाळपासून फोन हातात धरूनच असावेत असं वाटलं. अजून एक वर्ष बसते म्हणाली, असं मी सांगितलं. पलीकडे ते रडत असल्याचं कळलं.

'लय उपकार झाले, सर,' ते म्हणाले. 'आमचं तं ते ऐकतच नव्हती.'